तोंडी निरोप

कालव्याच्या गेटवर माझी छत्तीस वर्षं गेली. तिथं एक नियम होता. तोंडी निरोपावर गेट उघडायचं नाही, बंदही करायचं नाही. चिठ्ठी लागायची. तो नियम मी घरातही पाळत आलो.

बायकोच्या हृदयाचे ठोके अनियमित पडायचे. रक्ताची गाठ होऊन लकवा मारू नये म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली होती. कागदावर ‘रोज, एकही दिवस चुकवू नये’ असं होतं. तो कागद मी कपाटाला आतून चिकटवला होता.

चार वर्षांपूर्वी तिला जुलाब-उलट्या झाल्या. लघवी बंद झाली. सून तिला तालुक्याला घेऊन गेली. सलाईन लावून दोन दिवसांनी घरी आणलं. सून म्हणाली, “मामा, पातळ व्हायची गोळी द्यायची न्हाई. किडनीला मार बसलाय, गोळी अंगात साठून राहील म्हणले डॉक्टर. चार दिवसांनी रक्त तपासून सांगणार हायेत.”

“कागद कुठंय?”

“आता तुमच्यासाठी शिक्का मारून आणू का?”

खाटेवरून बायको म्हणाली, “आण बाई. लग्नाला व्हय म्हणायला बी ह्यांनी चिठ्ठीच मागितली आसंल.”

दोघी हसल्या. सुनेनं गोळ्यांच्या डब्यातून ते पाकीट काढून टाकलं. माझ्याकडे दुसरं होतं. मी गुळाच्या खड्यात गोळी घालून दिली. रोज एक, तीन दिवस. बायकोनं विचारलं नाही. माझ्या हातून ती काहीही खायची.

चौथ्या दिवशी तिला रक्ताची उलटी झाली. नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “गोळी चालू होती का?”

“न्हाई,” सून म्हणाली.

मुलाला आईच्या उशाखाली त्या गोळीचं रिकामं पाकीट सापडलं होतं. ते त्यानं तिच्यापुढे धरलं. “एवढंबी ध्यानात ऱ्हायलं न्हाई तुला?”

“म्या दिली न्हाई.”

मी तिथंच बाकावर बसलो होतो. समोरच्या भिंतीला घड्याळ होतं. मी ते बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बायको गेली. गोळी दिली नसती तर ती वाचली असती का, मला माहीत नाही. दिली मी, एवढं माहीत आहे. दहाव्याला बायका सुनेला ऐकवून गेल्या. वर्षश्राद्धालाही. ती मला वेळेवर जेवायला वाढत राहिली.

परवा मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “आता काहून उकरून राहिले, बाबा? झालं ते झालं.” आणि मोटार चालू करायला शेतात गेला.

सून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, चिडलीही नाही. कपाटातून वही आणून माझ्यापुढे ठेवली.

“तोंडी नको, मामा,” ती म्हणाली. “लिहून द्या.”

हे लिहून दिलं आहे. खाली सही करतो.