आमच्याकडे काय बिघडलं

मुजीबभाईंचा फोन आला की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. आमच्या संघटनेचा मासिक अंक ज्या दिवशी सभासदांच्या मोबाइलवर जायचा, त्या दिवशी त्यांचा फोन ठरलेला. नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यांत, कॉलेजांत, मंगल कार्यालयांत लिफ्ट, पाणी, वीज, साफसफाई सांभाळणाऱ्या व्यवस्थापकांची ही संघटना. मी एका कॉलेजची देखभाल सांभाळायचो आणि संघटनेचा अंकही काढायचो, फुकट. बोलणीही मीच खायचो.

"स्वामी सर, वाचला अंक," ते म्हणायचे. "कोणाला शाल दिली, कोणाला नारळ दिला, माहूरची सहल कधी हाय. लई छान. पण हे वाचून कोणाची लिफ्ट चालू होणार हाय का?"

"मुजीबभाई, संघटनेच्या बातम्या अशाच असतात."

"न्हाई. आपल्यात बातमी एकच. काय बिघडलं, आन कोणामुळं."

असं म्हणून त्यांनी एक सदर माझ्या गळ्यात मारलं: 'आमच्याकडे काय बिघडलं'. सभासदांनी आपल्या चुका नावानिशी लिहून पाठवायच्या. आता असं कोण लिहून देईल? एकानेही ओळ पाठवली नाही. मग मुजीबभाई स्वतःच लिहू लागले. नांदेडच्या एका खासगी दवाखान्याची देखभाल त्यांच्याकडे होती. तिथल्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं आणि आत पारवा मेला, हे त्यांनी लिहिलं. आग विझवायची नळकांडी शोभेच्या कुंड्यांमागे दडली होती, तेही लिहिलं. संघटनेची अब्रू चालली म्हणून सभासद मला फोन करायचे आणि उत्तरं देता देता माझा जीव जायचा.

वार्षिक मेळाव्याच्या तोंडावर त्यांनी कळस केला. दवाखान्यात वीज गेली, जनरेटर सुरू होऊन बंद पडला आणि बाळंतपणाला आलेली एक बाई लिफ्टमध्ये अडकली. तिला सुखरूप बाहेर काढलं. पुढे कारण मुजीबभाईंनीच शोधलं. जनरेटर रोज सकाळी ते नुसता चालवून बंद करायचे, इमारतीचा पूर्ण भार त्यावर टाकून कधी बघितलंच नव्हतं. हे सगळं त्यांनी खाली सही करून पाठवलं.

मी हात जोडले. "मालक घरी बसवतील तुम्हाला. धाकटीचं शिक्षण व्हायचंय अजून. निदान तुमचं नाव तरी काढू द्या."

"नाव काढलं की वाचणारा म्हणंल, आसंल कुठलं तरी. उठून आपल्या जनरेटरकडं जाणार न्हाई तो. छापा सर, काय भिऊन राहिले?"

छापलं. मालकांनी त्यांना काढून टाकलं. मला राग आला तो मालकांपेक्षा मुजीबभाईंचा. लातूरच्या मेळाव्यात त्यांचा सत्कार ठरला होता, तो कार्यकारिणीने गुपचूप गाळला. तरी पठ्ठ्या आला. शेवटच्या रांगेत बसून दुसऱ्यांच्या सत्काराला टाळ्या वाजवल्या, जेवला आणि गावी उमरीला निघून गेला. तिथे भाच्याच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात काम करणार म्हणाला.

आठवड्याभरात आमच्या कॉलेजात संगणकावरच्या परीक्षा सुरू होणार होत्या. मुजीबभाईंचा तो मजकूर काही डोक्यातून जाईना. शेवटी सुट्टीच्या दिवशी चरफडत मी सगळ्या इमारतीचा भार आमच्या जनरेटरवर टाकला. थोडा वेळ घरघरला आणि बंद पडला. मी तिथूनच उमरीला फोन लावला.

"मुजीबभाई, आमचाही बंद पडला."

"शुक्र हाय," ते म्हणाले. "आज पडला, पोरांच्या परीक्षेत न्हाई. दुरुस्त करून घ्या. आन आता लिवा."

"लिहिलं तर प्राचार्य मला ठेवतील का?"

"काय माहीत. मला तर न्हाई ठेवलं."

धीराचा एक शब्द या माणसाला कधी जमला नाही. फोन ठेवला, मेकॅनिकला बोलावलं आणि चिडचिड करतच लिहायला बसलो. त्या महिन्यात त्या सदराखाली माझं नाव छापून आलं, कॉलेजच्या नावासकट.