मेणाची ट्रायल

मेणताई माणसाच्या डोळ्यांकडे नंतर बघते, आधी तोंडाकडे. यात उद्धटपणा काही नाही. तीस वर्षं कवळ्या करण्यात घालवलेल्या बाईला समोरचा माणूस हसला की त्याचे वरचे दात खालच्या दातांवर कसे बसतात तेच आधी दिसतं, आणि तो काय बोलला ते दुसऱ्यांदा विचारावं लागतं. नखांत कायम गुलाबी मेण, म्हणून हे नाव. तिला ते आवडतं.

काम शिकली ती वडिलांकडे. बाबांची लॅब म्हणजे घराची पुढची खोली: खिडकीपाशी एक टेबल, एक बर्नर आणि प्लास्टरच्या जबड्यांनी गच्च भरलेलं फडताळ. एकोणिसाव्या वर्षी तिच्या हाताला सफाई आली आणि डोक्यात हवा गेली. एका निवृत्त शिक्षिकेची कवळी तिने मेणाची ट्रायल न घेताच पक्की करून टाकली. एरवी दात आधी मेणात बसवायचे, माणसाला घालून बघायला द्यायचे, टोचतं-अडतं ते विचारून दुरुस्त करायचं, आणि मगच पक्कं करायचं. चार दिवसांनी बाई परत आल्या. प्रत्येक ‘स’ला तोंडातून शीळ वाजत होती. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी मुलीला बाईंसमोर बसवलं आणि बाईंना म्हणाले, “हिला एक अख्खा धडा वाचून दाखवा.” अर्धा तास ती शीळ ऐकून मेणताईचे कान लाल झाले.

“डोळ्याला सुंदर दिसते म्हणून पक्की करायची नाही,” बाबा नंतर म्हणाले. “चावणार कोण? तू की त्या?”

अशी ही बाई कवळ्या करणाऱ्यांच्या संघटनेच्या कार्यकारिणीवर गेली ती कुणी दुसऱ्याने अर्जच भरला नाही म्हणून. नऊ जणांत तिचं एक मत. दोन वर्षं तिने तिथे चहा प्यायला आणि मान डोलावली. मग ‘दिशा’ ठरवायचं वर्ष आलं.

दर पाच वर्षांनी ही मंडळी एक हॉल घेऊन दिवसभर बसतात आणि संघटनेने पुढे कुठे जायचं ते ठरवतात. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटतात, जेवणानंतर दोघे-तिघे पेंगतात, चारपर्यंत एक पान तयार होतं, आणि सचिव ते छापून सभासदांना पाठवतात. आलेलं पान कुणी वाचत नाही, हे सचिवांनाही ठाऊक असतं.

या वेळी मात्र पानात दम होता. अध्यक्षांची लॅब मोठी, सात मशिनं. संगणकावर दात आखायचे, मशीन ते कोरून देणार. माणूस वाईट नव्हता. धंदा कुठे चाललाय हे त्यांना इतरांच्या आधी दिसत होतं, आणि इतरांना दिसत नाही याचा राग नाकावर असायचा. त्यांचा तिसरा मुद्दा असा: तीन वर्षांनंतर पूर्ण सभासदत्व फक्त मशीनवाल्या लॅबना. पूर्ण सभासदत्व नाही तर दवाखान्यांचं काम नाही. म्हणजे एका टेबलावर हाताने काम करणाऱ्यांनी बर्नर विझवून घरी बसायचं.

मेणताईला आधी बाबा आठवले. तीन तासांच्या अंतरावर, त्याच खिडकीपाशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा अजून काम करत होते. सभासद क्रमांक एक्केचाळीस. हल्ली त्यांनी नवीन सामान आणणं बंद केलं होतं. “आहे ते संपलं की मीही संपवतो,” असं हसत म्हणायचे, आणि तिला ते हसणं अजिबात आवडायचं नाही.

“मंजूर समजायचं ना?” अध्यक्षांनी विचारलं. सगळ्यांची दातखीळ बसलेली.

“माझे वडील यात जातात,” मेणताई म्हणाली. “म्हणून या मुद्द्यावर माझं मत धरूच नका. पण एक सांगा साहेब, हे मेणात दाखवलंत का कुणाला?”

“म्हणजे?”

तिने शीळ वाजवणाऱ्या बाईंची गोष्ट सांगितली. तिने बाईंचा ‘स’ काढून दाखवला तेव्हा पेंगणारेसुद्धा हसून जागे झाले. “आपण नऊ जण दर वेळी थेट पक्कं करून पाठवतो,” ती म्हणाली. “चावणार ते चारशे जण. दोन महिने द्या. कच्चा कागद पाठवू. प्रत्येकाच्या टेबलावर निळा कागद असतोच. जिथे टोचतं तिथे तो दाबून खूण करा म्हणावं, आणि का टोचतं ते एका ओळीत लिहा.”

हा निळा कागद म्हणजे दातांमध्ये धरून चावायला देतात तो. जिथे दात जास्त लागतो तिथे निळा डाग उमटतो. खोलीतल्या प्रत्येकाने तो आयुष्यभर वापरला होता, पण स्वतःच्या कामाबाहेर कुणाला सुचला नव्हता. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, छताकडे पाहिलं. “दोन महिने,” ते म्हणाले. “एक दिवस जास्त नाही.”

चारशे बारा कागद गेले, तीनशे आठ परत आले. सचिवांची तर बोबडीच वळली. मेणताईने ते घरच्या जेवणाच्या टेबलावर पसरले आणि चार दिवस घरच्यांना ताट मांडीवर घेऊन जेवायला लावलं. तिसऱ्या मुद्द्यावर निळ्या डागांचा चिखल झाला होता. पण खालच्या ओळी तिला वाटल्या होत्या तशा रडक्या नव्हत्या. ‘मशीनला नाही म्हणत नाही, शिकवणार कोण ते सांगा.’ ‘आम्ही पाच जण मिळून एक वापरू.’ आणि एक कागद खुद्द अध्यक्षांच्या लॅबमधून आलेला: ‘आमचे दात दिसायला देखणे असतात. चावताना कुठे अडतात ते इथे कुणालाच कळत नाही.’ तो तिने अध्यक्षांना नेऊन दाखवला, आणि त्यांनी तो दोनदा वाचून खिशात ठेवला.

बाबांचा कागद शेवटच्या गठ्ठ्यात निघाला. घडीवर एक्केचाळीस आकडा बघून तिने आधी तिसराच मुद्दा पाहिला. तिसरा मुद्दा स्वच्छ होता. एकही डाग नाही. खूण होती ती सहाव्या मुद्द्यावर, जिथे नवीन सभासदांचं सगळं प्रशिक्षण मशीनवर होईल असं लिहिलं होतं. खाली बाबांचं तिरकं अक्षर: ‘चावणं कोण शिकवणार?’

तिने तिथल्या तिथे फोन लावला. “बाबा, तिसरा मुद्दा वाचला नाहीत का? तुमचं सभासदत्व जाईल.”

“वाचला की. टोचला पण. पण ते दुखणं माझ्या एकट्याचं, माझे किती दिवस राहिलेत? सहाव्याने पुढच्या सगळ्यांच्या कवळ्या शिट्ट्या वाजवतील. तू तुझ्या मंडळींना ते सांग, माझं नको.”

ती फोन ठेवून रडली, आणि मग डोळे पुसून बैठकीला गेली.

तिथे तिने सहाव्या मुद्द्याखालची ती ओळ तेवढी वाचून दाखवली. चारपर्यंत नवं पान अध्यक्षांनीच मांडलं. मशीन सगळ्यांनी पाच वर्षांत शिकायचं. त्यासाठी चार ठिकाणी सामाईक मशिनं. आणि नवीन सभासदाला आधी सहा महिने एखाद्या जुन्या टेबलावर, हाताने. कुणाचंही सभासदत्व काढायचं नाही, आणि यापुढे प्रत्येक पान आधी कच्चं पाठवायचं. “मेणताई, आता तुमचं मत धरू का?” त्यांनी विचारलं. आठ विरुद्ध एक. विरोधात गेले ते सचिव. एवढे कागद पुन्हा आले तर ते उघडायचे कुणी, असा त्यांचा रास्त प्रश्न होता.

संध्याकाळी तिने बाबांना फोनवर सांगितलं, पहिल्या यादीत जुनी टेबलं सात आहेत आणि खिडकीपाशीचं एक त्यात आहे. साहेबांच्या लॅबमधले दोघे एक तारखेपासून येतील. चालेल ना?

पलीकडून फडताळाचं दार उघडल्या-मिटल्याचा आवाज आला.

“अगं,” बाबा म्हणाले, “येताना निळ्या कागदाच्या डब्या आण. दोन नको, चार आण. आणि मेणही.”