सावरीच्या गाद्या

डहाणूत आमचे घर स्वच्छतेसाठी ओळखले जाई आणि त्याच घरात माझ्या धाकट्या बहिणीला धड श्वास घेता येत नसे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे मी म्हणाले, तेव्हा मला उद्धट ठरवण्यात आले. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असा माझा प्रयत्नही नाही.

२०१६ च्या मे महिन्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ची पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी आले होते. बहीण पहाटे उठून बसायची आणि खांदे उचलून श्वास ओढायची. डॉक्टरांनी दम्याचे निदान करून पंप लिहून दिला होता. आई तो कपाटात कुलूप लावून ठेवी आणि अगदीच गरज पडली तर काढून देई. "त्याची सवय लागते," बाबा सांगत. हे कारण खोटे होते. बहिणीसाठी स्थळे पाहणे सुरू झाले होते, आणि पंप कोणाच्या नजरेस पडू नये एवढाच त्यामागचा विचार होता.

त्याच सुट्टीत बहीण तलासरीला आत्याकडे राहून आली. आत्या शाळेत शिक्षिका, एकटी राहणारी. तिच्या घरी सगळे फरशीवर चटई टाकून झोपतात. तिथे बहिणीला पंप लागलाच नाही. तिला पोहोचवायला आलेली आत्या चप्पल काढता काढताच म्हणाली, "वहिनी, माझ्याकडे पोरगी शिंकलीसुद्धा नाही हो. तुमच्याकडे केर नीट निघत नाही वाटतं."

आईला हे वाक्य फार लागले. ज्या एका कामाबद्दल तिला आजवर कोणी नाव ठेवले नव्हते, नेमक्या त्याच कामावर नणंदेने बोट ठेवले होते. दुसऱ्या दिवसापासून घरात दोनदा कोरडा झाडू फिरू लागला. पंख्याची पाती, माळा, पडदे, सगळे झटकले जाऊ लागले. गाद्या घरातच उभ्या करून वेताच्या काठीने बदडल्या जाऊ लागल्या. ती काठी कोणाच्या हाती दिली असेल? बहिणीच्या. "धुळीचा त्रास तुला आहे ना? मग तूच नीट झटक." आजार तिचा, म्हणून मेहनतही तिची, असा हा न्याय होता.

तिचा त्रास वाढला. त्यावरचा उपाय म्हणून झाडूचीही फेरी वाढली.

मी तर्क मांडला. तलासरीची हवा आमच्याहून फार वेगळी नाही. तिथे फक्त गादी नव्हती. आमच्या गाद्या सावरीच्या कापसाच्या. रानशेतला आईच्या माहेरी सावरीची झाडे आहेत. तिथली बोंडे वेचून आजोबांनी या गाद्या आईच्या लग्नात भरून दिल्या होत्या. सावरीला पाणी लावायचे नाही असा आमच्याकडे दंडक, त्यामुळे त्या कधी धुतल्या गेल्या नाहीत. समुद्राकाठच्या दमट हवेत इतकी वर्षे काढून आतल्या कापसाचा भुगा झाला होता. अशा गादीत डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात. माणसाच्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर ते जगतात आणि त्यांच्या विष्ठेने दमेकऱ्याची श्वासनलिका आखडते. काठीने ते मरत नाहीत, त्यांची घाण तेवढी हवेत उडते. गाद्या काढा, चादरी कडकडीत पाण्यात धुवा, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा, एवढेच माझे म्हणणे होते.

"माझ्या माहेरच्या गाद्यांत किडे आहेत म्हणतेस?" आई म्हणाली.

"सगळ्यांच्याच गाद्यांत असतात, आई."

"मग सगळ्यांच्या मुली का धापा टाकत नाहीत?"

शास्त्रीयदृष्ट्या प्रश्न उत्तम होता. मी उत्तर देऊ लागेपर्यंत ती स्वयंपाकघरात निघून गेली होती. "घराची प्रयोगशाळा करू नकोस," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

पुढच्या रविवारी चिंचणीहून बहिणीला पाहायला पाहुणे आले. ते रात्री मुक्कामाला राहणार, म्हणून मागच्या खोलीत खिडक्या बंद करून, आवाज बाहेर जाऊ नये अशा बेताने, तिच्याकडून गाद्या झोडपून घेतल्या गेल्या. त्यानंतर केस विंचरून, साडी सारखी करून ती चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थांबली. कप किणकिणत होते. ओठांचा रंग उडाला होता. छातीतली शिटी मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आली.

"उन्हातून आली ना, म्हणून," आई पाहुण्यांना म्हणाली. बहीण सकाळपासून घराबाहेर पडली नव्हती.

मी ट्रे काढून घेतला. "आई, कपाटाची किल्ली."

"आत चल. आत देते."

"इथे. आत्ता."

आईने कमरेची किल्ली काढून दिली. बहिणीने सगळ्यांसमोर पंप घेतला.

"मुलगी पंप घेते?" पाहुण्या बाईंनी विचारले.

"कधीतरी. जरा ॲलर्जी आहे," बाबा घाईने म्हणाले.

बहिणीला बोलण्याइतका श्वास आला, तेव्हा तिने पहिले वाक्य उच्चारले. "रोज लागतो."

पाहुणे चहा पिऊन गेले. मुक्कामाचा विषय कोणी काढला नाही.

"झालं तुझं समाधान?" दार लागताच आईने मला विचारले. "चिंचणीपर्यंत बोभाटा होईल आता."

"होऊ दे. ती आज माझ्यासमोर गुदमरत होती आणि तू उन्हाचं सांगत होतीस."

आई मागच्या खोलीत गेली. दिवाणावरच्या गादीचे एक टोक धरून तिने जोरात ओढले; शिवण उसवली आणि करडा भुगा खोलीभर उधळला. "अहो, दुसरं टोक धरा, बाहेर काढू," तिने बाबांना हाक मारली.

बाबा दारापर्यंत आले, रुमाल नाकाशी धरला. "मला ही धूळ अजिबात सहन होत नाही," असे म्हणून ते अंगणात जाऊन बसले.

आई त्या रिकाम्या दाराकडे पाहत राहिली. "ऐकलंस?" ती मला म्हणाली. या वेळी तिचा राग माझ्यावर नव्हता.

बहीण सवयीने पुढे सरसावली.

"तू लांब हो," आई तिच्यावर ओरडली. "पार शेजाऱ्यांकडे जाऊन बस. आम्ही काढतो."

दुसरे टोक मी धरले.