दुसऱ्यांदा उसळली की नापास

आमच्या गावात इद्वल नावाचे चार जण होते आणि आडनावं सगळ्यांची दोन-तीनच, त्यामुळे ज्याचा जो धंदा तो त्याच्या नावाला चिकटायचा. एक इद्वल दूध, एक इद्वल खाण, एक चॅपेलात बाजा वाजवणारा इद्वल बाजा. आणि आमचा इद्वल टेस्ट. मी त्याच्या गॅरेजच्या काउंटरवर बावीस वर्षं बसले, पेट्रोलचे पैसे घेतले, फोन उचलले. मी बेथन पंप.

वेल्समधल्या आमच्या या डोंगरात प्रत्येक गाडीला वर्षातून एकदा इद्वलच्या हाताखालून जावं लागायचं. सरकारी तपासणीचा परवाना वीस मैलांत त्याच्याकडेच. पास म्हटलं तर गाडी रस्त्यावर, नापास म्हटलं तर दुरुस्तीला. पाद्रीबाईची गाडी त्याने दिव्यासाठी नापास केली होती, तीही नाताळच्या आठवड्यात. माझी स्वतःची दोनदा केली. त्याच दुपारी माझ्याच हातचा चहा प्यायला, आणि वर साखर कमी आहे म्हणाला.

मोटारसायकल आली की तो मागची सीट दोन्ही तळव्यांनी खाली दाबायचा, सगळं अंग त्यावर टाकायचा आणि एकदम सोडायचा. गाडी वर येऊन गप्प उभी राहिली तर ठीक. पुन्हा खाली जाऊन दुसऱ्यांदा उसळली, तर शॉकअपमधलं तेल गेलं. तो मोठ्याने मोजायचा. "एक... दोन. ने घरी."

या माणसाला एकच भाऊ, मर्फिन. नऊ वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली, तेव्हा इद्वलनेच त्याला चमच्याने भरवलेलं. मर्फिन दगडाच्या खाणीत कामाला, हसरा, गळा गोड, चॅपेलच्या गायकांत पहिल्या रांगेत. त्याच्याकडे एक जुनी इंग्रजी मोटारसायकल होती, तिच्यावर डबलसीट बसवूनच त्याने नेस्ताला लग्नाआधी समुद्रावर नेलं होतं आणि पुढे तीस वर्षं दर रविवारी नेत राहिला. गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप गेलेले होते. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाने दांड्यांना खड्डे पडले होते, खड्ड्यांनी सील खाल्लं होतं आणि तेल बाहेर येऊन चाकावर सुकलं होतं. नवे घे म्हटलं की मर्फिन हसायचा.

शेवटच्या तपासणीला त्याने काय करावं? खाणीतल्या हेफिनच्या गाडीचे चांगले शॉकअप एका दिवसासाठी उसने आणले, आपल्या गाडीला लावले आणि शीळ घालत आला. इद्वलने दाबलं, सोडलं. एक. गाडी गप्प. त्याने वाकून दांड्या पाहिल्या.

"हे हेफिनचे आहेत."

"नियमात लिहिलंय का कुणाचे असावेत?" मर्फिन म्हणाला.

नियमात नव्हतं. आज गाडीला जे आहे तेवढंच तपासायचं, उद्या काय असेल ते नाही. इद्वलने दात आवळून पासचा कागद दिला. संध्याकाळी हेफिनचे शॉकअप हेफिनकडे परत गेले. अख्ख्या गावाला माहीत होतं. आम्ही हसलो. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

पुढच्या जुलैत गाडीला चाळीस वर्षं पूर्ण झाली. चाळीस वर्षांच्या जुन्या गाडीला आमच्याकडे तपासणीच लागत नाही. एवढी जुनी गाडी सांभाळणारा माणूस तिला जपतोच, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं. मर्फिन कधी त्यांच्या पाहण्यात आला नव्हता. गाडीच्या वाढदिवशी तो तिच्यावर चक्क केक बांधून गॅरेजात आला, वर चाळीसचा आकडा काढलेला.

"घे रे इद्वल, तोंड गोड कर! आता मला कसा नापास करशील?"

पंपावर पाच-सहा माणसं होती. सगळी खो-खो हसली. इद्वलने पान्हा खाली ठेवला, सरळ गाडीकडे गेला आणि सगळ्यांसमोर सीट दाबून सोडली. "एक. दोन. तीन."

"अरे, मी स्प्रिंग आवळलीय," मर्फिन म्हणाला. "शेवटच्या खाचेत फिरवली. नेस्ता मागे बसली तरी आता बसत नाही गाडी."

"आवळून काय होणार, गाढवा? स्प्रिंग उसळवते, तेल आवरतं. तू उसळणारीला जोर दिलास आणि आवरणारं आधीच घालवलंस. खिंडीतल्या उतारावर एक दिवस दोघंही भिंतीवर जाल."

"जळतोस तू. तुझ्या हातून सुटली ना एक गाडी!"

"मरायचं तर एकटा मर. तिला कशाला घेतोस?"

मर्फिनचा चेहरा उतरला. त्याने केक सोडून पेट्रोलच्या पंपावर ठेवला आणि गाडीला किक मारली. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. केक मी घरी नेला, पण खाववला नाही. शेवटी कोंबड्यांना घातला.

ऑगस्टमध्ये एक लांबट जड पेटी आली. सही मी केली. इद्वलने काउंटरवरच उघडली: आत नव्या शॉकअपची जोडी, दांड्या आरशासारख्या. त्याच गाडीच्या मापाची. त्याने झाकण लावलं, जाड पेनने वर 'मर्फिन' लिहिलं आणि पेटी कामाच्या टेबलाखाली सरकवली.

"मग फोन करू त्याला?" मी विचारलं.

"कशाला? येईल तो. एक शब्द बोलू दे. इद्वल, चुकलो, एवढंच. लगेच लावून देतो."

"आणि नाही आला तर?"

"येईल."

मर्फिन आला नाही. तो रोज सकाळी गॅरेजवरून खाणीकडे जायचा. आमच्या दारासमोर रस्त्याला गटारावरचा एक उंचवटा आहे, त्यावर गाडी चढली की इद्वल हातातलं काम थांबवायचा आणि दाराबाहेर बघायचा. "तीन," पुटपुटायचा. हिवाळा गेला तेव्हा "चार" म्हणायला लागला. मी ऐकत होते. ज्याला रोज आकडा दिसतो त्याला रस्ता ओलांडून भावाच्या खांद्यावर हात ठेवायला किती पावलं लागतात? पण दोघंही एकाच हट्टाच्या मातीचे. आणि मी कोण मध्ये पडणारी, असं मीच मला सांगत होते.

पुढच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी दुपारी, नेस्ता आली. हातात फडक्यात गुंडाळलेला बारा ब्रिथ, म्हणजे चहात भिजवलेल्या मनुकांचा आमच्याकडचा गोड पाव. इद्वलला तो फार आवडायचा. तिने तो टेबलावर ठेवला. टेबलाखाली पेटी होती, तिच्या बुटांपासून वीतभर.

"इद्वल, एक काम होतं."

"बोल ना."

"मागे बसले की माझी पाठ मोडते रे. आणि वळणावर गाडी अशी... डोलते. हा म्हणतो तुझं वजन वाढलंय." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "गुरुवारी तो चॅपेलात गाण्याच्या तालमीला जातो, दोन तास नसतो घरी. गाडी अंगणातच असते. तू येऊन जे काय लावायचं ते लाव. त्याला कळणार पण नाही. कळलं तरी मी बघून घेईन."

मला वाटलं, आता हा वाकेल आणि पेटी ओढेल.

"मालकाने सांगितल्याशिवाय मी गाडीला हात लावत नाही," इद्वल म्हणाला.

"मी त्याची बायको आहे."

"गाडी त्याची आहे, नेस्ता. त्याला पाठव. स्वतःच्या तोंडाने मागू दे."

"तो नाही येणार. तुला माहितीय तो कसा आहे."

"मग मीही आहे तसाच आहे."

नेस्ताने माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं की अगं, पायाखाली बघ. मी फोनची वही उघडली आणि पानं उलटत बसले. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की मर्फिनची जरा जिरावी. चार लोकांत भावाचा अपमान करतो म्हणजे काय? त्या विचाराची मला आज किळस येते. नेस्ता गेली. बारा ब्रिथ इद्वलने संपवला.

ऑक्टोबरातला दुसरा रविवार. कोरडा, उन्हाचा. दोघं समुद्रावरून परत येत होती. खिंडीत, धरणाच्या खाली, रस्ता एकदम खोलगट होतो आणि त्याच खोलगटीत डावीकडे वळतो. मेंढ्या हाकत असलेल्या एका शेतकऱ्याने सगळं पाहिलं. गाडी खोलगटीत बसली, मागून उसळली, खाली आली आणि पुन्हा उसळली, तेव्हा मागचं चाक जमिनीला लागतच नव्हतं. गाडी वळलीच नाही. सरळ दगडी भिंतीवर गेली. मर्फिनचा खांदा आणि मांडी मोडली. नेस्ता भिंतीपलीकडे पडली. शेतकरी पोचेपर्यंत तिचा जीव गेलेला होता.

अंत्यविधीला चॅपेलात जागा नव्हती एवढी माणसं. गायकांच्या पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवली होती, कारण मर्फिन इस्पितळात होता. इद्वल सगळ्यात मागे उभा होता. नंतर चहाला थांबला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आला, पण एका मोटारसायकलची सीट दाबायला वाकला आणि दाबू शकला नाही. तळवे सीटवर ठेवून तसाच उभा राहिला. मी त्या माणसाला सांगितलं, उद्या ये.

सहा आठवड्यांनी मर्फिन आला. कुबडीवर, चालत. मी खुर्ची दिली. त्याने ती घेतली नाही.

"पोलिसांचा माणूस म्हणतो वेग जास्त होता," तो म्हणाला. "दुसरा म्हणतो ऊन डोळ्यांवर आलं असेल. शॉकअपचं लिहिलंय, पण तेच कारण असं ठामपणे म्हणता येत नाही म्हणतात. तुला विचारायला आलोय. तू खोटं बोलत नाहीस."

इद्वलने हात फडक्याला पुसले.

"शॉकअपच ना?"

"हो," इद्वल म्हणाला.

मर्फिनने मान हलवली, एकदा, मग पुन्हा. "म्हणजे मीच मारलं तिला. तू सगळ्यांसमोर सांगितलं होतंस. आणि मी केक घेऊन..."

तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. मी मनातल्या मनात इद्वलला विनवत होते: गप्प बस. आयुष्यात एकदा गप्प बस, त्याला काय वाटायचं ते वाटू दे, पण आता त्यात भर घालू नकोस. आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की इद्वल गप्प बसला, तर या लंगड्या माणसाला ते सगळं ओझं एकट्यालाच वाहावं लागेल.

इद्वल वाकला. टेबलाखालून पेटी ओढून भावाच्या पायाशी ठेवली. मर्फिनने धुळीखालचं आपलं नाव वाचलं. मग कुरियरच्या चिठ्ठीवरची तारीख.

"त्या दिवसाआधी चौदा महिने?"

"हो."

"तिला माहीत होतं?"

"नाही. ती आली होती. लावून दे म्हणाली, तू तालमीला जाशील तेव्हा. पेटी तिच्या पायाशी होती. मी नाही म्हणालो. तू येऊन मागायला हवं होतंस, म्हणून."

मर्फिनने माझ्याकडे पाहिलं.

"सही माझी आहे," मी म्हणाले. आणखी काय म्हणणार?

त्याने कुबडी टेबलाला टेकवली, एका हाताने झाकण उचललं आणि दांडीवरून बोट फिरवलं. कोरडी, गुळगुळीत.

"लावायला किती वेळ लागला असता?"

इद्वलला विचारलं होतं, आणि विचारलं की तो खरंच सांगायचा.

"जोडीला अर्धा तास. तुझा डावीकडचा खालचा बोल्ट गंजलेला आहे. चाळीस मिनिटं धर."

मर्फिनने झाकण हळूच परत लावलं. कुबडी काखेत घेतली.

"तालीम दोन तास चालते," तो म्हणाला, आणि गेला.