सुई तिच्या हातात

त्या वक्ताला सांगलीच्या दवाखान्यात आमी पाच जनी व्हतो. खाटेवर माझी धाकटी लेक वैशू. पायाशी तेजू, तिच्या हॉस्टेलच्या खोलीत राहनारी, कुंडलची पोरगी. भिताडाला टेकून हॉस्टेलच्या म्याडम. समोर डॉक्टरीन बाई. आन पाचवी मी, हातातली पिशवी खाली ठेवायचं बी सुचलं न्हवतं. वैशूचे वडील न्हवते. ते गावाकडं व्हते, सातारकडच्या खंडाळ्याजवळ, व्यायला झालेल्या म्हशीपाशी.

डॉक्टरीन बाईंनी मला आदी स्टुलावर बसवलं. मंग म्हनल्या, "आई, तुमच्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे. त्यातून डीकेए झालाय. आज आणली नसती तर अवघड होतं."

मी चौथी शिकले. डायबेटिस म्हंजी साखर, येवडं ठावं व्हतं. पर ती म्हाताऱ्या मानसांची. माझी वैशू अठराची. मी म्हनले, "बाई, दुसऱ्या कुनाचं असंल. ही वैष्णवी हाय."

त्या हसल्या न्हाईत. वैशूच्या मनगटाला पट्टी बांधली व्हती, तिच्यावरचं नाव त्यांनी मला बोट ठेवून दावलं.

मंग नीट सांगितलं, तसं मी सांगते. आपल्या पोटात स्वादुपिंड म्हून असतं. त्यात इन्सुलिन तयार हुतं. खाल्लेलं रगतात येतं, तिथनं ते अंगात न्ह्यायचं काम इन्सुलिनचं. वैशूचं इन्सुलिनच बंद पडलं. म्हंजी खाल्लेली साखर नुसती रगतात फिरायची, अंग उपाशीच. मंग अंग आपलीच चरबी जाळतं आन त्याचं आम्ल रगतात साठतं. त्येला डीकेए म्हनत्यात. उलट्या हुत्यात, पोट दुकतं, श्वास लांब लांब चालतो. तोंडाला नासक्या फळागत वास येतो.

मी वाकून वैशूच्या तोंडाचा वास घेतला. तसाच व्हता.

"गोड खाऊन झालं का?" मी इचारलं.

"नाही. गोड खाऊन हा होत नाही. यात कुणाची चूक नाही. पण आता आयुष्यभर इन्सुलिन घ्यावं लागेल. रोज. सुईनं."

मी मान हालवली. डोळ्याला पानी आलं न्हाई. पिशवी खाली ठेवली.

वैशू आमाला लय उशिरा झाली. थोरल्या दोगींची लग्नं झाली तवा ही शाळंत जायाची. बारावीला मार्क चांगलं पडलं, सांगलीला इंजनेरिंगला नंबर लागला. गनपती झाल्यावर आमी दोगं तिला हॉस्टेलात सोडून आलो. ह्यांची मिल्ट्रीतली काळी ट्रंक दिली तिला.

आमचं मालक मिल्ट्रीत हवालदार व्हते. येताना येष्टीत त्यांनी मला बजावलं, "आता दसऱ्यापतुर कोनी जायचं न्हाई. पोरगी मऊ पडंल." ते भरती झाले तवा त्यांची आई डबा घिऊन ट्रेनिंगच्या गेटावर गेली व्हती. तिला आत सोडलं न्हवतं. ते म्हनायचे, त्या दिवशी मी घर इसरलो म्हून टिकलो. आमच्या आजूबाजूला घरटी एक मानूस मिल्ट्रीत. सगळ्यांचं ह्येच म्हननं.

मंग फोन यायला लागलं. "आई, लय तहान लागतीया." "आई, राती सारकं उठाया लागतंय." "आई, पाय गळाल्यागत वाटत्यात." कापडं ढिली झाल्यात म्हनली.

ह्ये फोन घ्यायचे माज्या हातातनं. "आगं, रंगरूटाचं असंच असतंय. पयलं रडतंय, मंग वाळतंय, मंग ताठ हुतंय. ग्लुकोज पी पान्यातनं. आमाला मैदानात पळवलं की तेच द्यायचे."

ती प्यायची. ग्लासावर ग्लास. मी बी एका गाववाल्याबरूबर काकवीचा डबा धाडला, अंगात वाईच भर पडंल म्हून. जितकी ती गळायची तितकं आमी गोड देत व्हतो. डॉक्टरीन बाई म्हनल्या त्यानं आजार झाला न्हाई, पर तो लौकर भडकला. हे मी मुद्दाम सांगते. तहान, सारकी लगवी आन वाळनं, हे तिन्ही एकदम आलं तर ग्लुकोज द्यायचं न्हाई. बोटाला टोचून साखर बगायची. कुटल्याबी दवाखान्यात हुतं, लगी कळतं.

तिच्या फोनवरनं एकदा दुसराच आवाज आला. "काकू, मी तेजू. वैशूला दवाखान्यात आनलीया. तुमी या."

ह्ये म्हनले, "तू हो म्होरं. म्हैस व्याली की मी येतो." मी निघाले. येवडा लांब येष्टीचा परवास एकटीनं मी कवा केला न्हवता. सातारला गाडी बदलली. सांगलीच्या गाडीत सगळ्यांना आपापली मानसं व्हती. मी खिडकीला कपाळ लावून बसले.

वैशूला आयसीयूत ठेवली. आयसीयू म्हंजी जिथं सारकी नजर ठेवत्यात ती खोली. एका हाताला सलाईन, एका हाताला इन्सुलिनचं मशीन. तासा तासाला बोट टोचायचे. साखर एकदम उतरवायची नसती म्हनं, हळूच उतरवायची. पोटॅशियम म्हून एक असतं, त्यावर बी ध्यान ठेवायचे, ते कमी झालं तर काळजाला धोका.

भायेर बाकड्यावर आमी बसायचो. आमी म्हंजी मी एकटी. सिस्टर दारातनं नाव पुकारायची. बाकीच्यांचं नाव आलं की चार चार जनं उटायचे. "वैष्णवीचे नातेवाईक" म्हनलं की मी उटायची. येकदा सिस्टरनं माज्या मागं बघितलं, आनि कोन हाय का म्हून.

तिथं कोन कुनाला इचारत न्हाई असं न्हाई. शेजारची बाई जतकडची व्हती, निम्मं कानडी बोलायची. तिनं आपल्या डब्यातली भाकरी मला दिली. पर तिचा मानूस बरा हून वार्डात गेला, तशी ती बी गेली. मंग बाकड्यावर दुसरीच मानसं.

ह्यांना फोन लावला की म्हनायचे, "रेडकू झालं, पर म्हैस पिऊ दीना." मंग म्हनले, "चारा न्हाई." मंग म्हनले, "उद्या बगतो." जो मानूस बर्फात उभा राहिला, तो पोरीच्या दवाखान्याला भ्यायला व्हता. मला कळत व्हतं. फोन ठेवला की कारिडार लय लांब वाटायचा.

वैशू शुद्धीवर आली, पोटात अन्न राहायला लागलं, तवा वार्डात आनली. तेजू कॉलेज सुटलं की यायची. येकदा खाटेवर बसून म्हनली, "काकू, आमी हिला पान्याची टाकी म्हनायचो. येवडं पानी प्यायची. आमाला काय ठावं?" बोलता बोलता तीच रडायला लागली. वैशूनं भिताडाकडं तोंड केलं.

आता सुईचं. इन्सुलिनचं पेन असतं, शाळंच्या पेनागत. टोकाला बारीक सुई. जेवायच्या आदी साखर बगायची, किती घ्यायचं तो आकडा पेनावर लावायचा, पोटावरचं कातडं चिमटीत धरायचं, टोचायचं, आन धा म्हनेपतुर सुई काडायची न्हाई. जेवनाच्या आदी तीनदा, आन निजायच्या वक्ताला येक लांब पल्ल्याचं. मी दोन दिसात शिकले.

वैशूनं पेनाला हात लावला न्हाई. "आई, तूच दे." म्हनली की पोट उगडं करायची आन डोळं मिटायची.

खरं सांगू का? मला बरं वाटायचं. लेक शिकायला गेली तवापासनं कुनाला माझं काय काम न्हवतं. आता तिचं प्रत्येक जेवान माज्या हातातनं जात व्हतं. मी मनात ठरवलं, हिला घरी न्हेयाची. शिकशन काय, नशिबात असंल तर हुईल. ह्ये बी फोनवर तेच म्हनले, "घरी आन. बास झालं."

वैशूनं ते ऐकलं. त्या दिवशी तिनं अर्धीच भाकरी खाल्ली.

वार्डातल्या थोरल्या सिस्टरनं मला येकदा बाजूला घेतलं. "मावशी, हिला इंजेक्शन किती दिवस देणार तुम्ही?"

"माझं हात चालत्यात तवर."

"आणि कॉलेजात?"

"मी खोली घिऊन राहीन सांगलीत. न्हाईतर घरी न्हेईन."

"आणि हिचं लग्न झाल्यावर? मांडवात पेन घेऊन उभ्या राहणार?" ती हसली, मंग हसू थांबवलं. "मावशी, सुई तिच्या हातात द्या. आजच. तुम्ही हात मागं घेऊन बसा."

दुपारी ताट आलं. वरन, भात, भाजी, दोन चपात्या. मी पेन वैशूच्या उशाला ठेवलं आन हात पदरात गुंडाळून बसले.

"आई, दे की."

"न्हाई. तू घे."

"मला न्हाई जमत."

"मंग जेवू नगंस."

ती लय रडली. शेजारच्या खाटेवरची बाई मला बोलली, "कसली आई म्हनायची!" वैशू बी म्हनली, "तू आई हायस का हवालदार?"

"हवालदार गावाकडं हाय," मी म्हनले. "त्याला म्हैस सोडवंना."

ताटातला भात गार झाला. वरनावर साय आली. माजं हात पदरात ओलं झालं व्हतं. तेवड्यात तेजू आली, दप्तर टाकलं, आन बगून म्हनली, "काय गं टाकी, टोच की! मला भूक लागलीया. तुजं झाल्याबिगर मी मेसला कशी जाऊ?"

वैशूनं पेन घेतलं. आकडा फिरवला, परत बघितला. चिमटी धरली, सोडली, परत धरली. आन टोचलं. धा म्हनली, मोट्यानं. मंग गार भाताचा घास घेतला.

सिस्टर दारातनं बघत व्हती, तिनं मान डुलवली. तेजूनं टाळी वाजवली. मला हसायला पायजे व्हतं. मी संडासाकडं गेले, नळ सोडला आन तिथं रडले. सगळ्या आजारपनात तेवडंच.

सोडायच्या दिवशी ह्ये आले. शेजाऱ्याचा टेम्पो घिऊन, ट्रंक न्हेयाला. पांढरा सदरा, दाढी केलेली. वार्डात आले आन वैशूकडं न बघता म्हनले, "आवरा."

वैशू म्हनली, "आप्पा, थांबा. जेवायचं हाय." आन त्यांच्या म्होरं बोट टोचलं, आकडा बघितला, पेन लावलं, पोटाला टोचलं, धा मोजलं. ह्यांनी पयल्यांदा खिडकीकडं बघितलं. मंग वळले आन शेवटपतुर बघत राहिले.

पेनाकडं बोट केलं. मंग इचारलं, "हे औषद ठेवतीस कुटं?"

"फ्रिजमधी. दारात. बर्फात न्हाई ठेवायचं."

"हॉस्टेलात फ्रिज हाय?"

"म्याडमच्या हाफिसात हाय. त्या म्हनल्यात ठेव."

"रातीला हाफिस बंद असंल तर?"

"चालू पेन भायेर चालतंय, म्हयनाभर. उन्हात न्हाई ठेवायचं."

"आन साखर खाली गेली तर?"

"हात कापत्यात, घाम येतो. लगी साखर खायाची. उशाला डबी हाय. तेजूला ठावं हाय."

ह्यांनी तेजूला बी तेच सगळं इचारलं. तिनं बरूबर सांगितलं. मंग म्हनले, "बरं." आन टेम्पोवाल्याला म्हनले, "हॉस्टेलकडं घे."

आमी तिला तिथं सोडली. येताना टेम्पोत कराड गेल्यावर ह्ये म्हनले, "म्हैस आता पाजती." मी व्हय म्हनले.

आता दिस बरे चालल्यात. तिची साखर कवा वर, कवा खाली. येकदा लय खाली गेली व्हती, तेजूनं साखर चारली. सांगलीला तपासनीला वैशू एकटी जाती. डॉक्टरीन बाई म्हनल्या, चांगलं करतीया. आकडा मला रोज कळवायचा न्हाई असं आमचं ठरलंय. मी फोनवर काय खाल्लंस येवडंच इचारते. घरी दुपारचं ताट वाढलं की आदी सुई द्यायची म्हून मी जरा थांबते, मंग ध्यानात येतं. ह्ये बी थांबत्यात. आमी दोगं आपलं जेवतो.

थोरली सिस्टर म्हनली, दुसऱ्या आयांना बी कळू दे, म्हून मी हे सांगितलं, आन आमच्या गावच्या शाळंच्या बाईंनी लिवून घेतलं. डॉक्टरीन बाई, सिस्टर, म्याडम आन तेजू, यांचं उपकार फिटायचं न्हाईत.

हे वाचनाऱ्याला माजं एकच मागनं हाय. तुमचं लेकरू नवं नवं शिकायला लांब गेलं असंल, तर पयल्या म्हयन्यात येकदा जाऊन या. फोनवर ढिली झालेली कापडं दिसत न्हाईत. त्याच्याजवळ बसा, त्याला जेवताना बगा. आन मंग परत या.