हात वर करून सांगा

मी कायद्यात पीएचडी करते. बाहेरून आलेल्या माणसाला गावात राहू द्यायचं की नाही, हे ठरवायचा ग्रामसभेला कितपत अधिकार आहे, हा माझा विषय. उत्तर एका शब्दाचं आहे, अजिबात नाही. पण विद्यापीठाला त्याची शेकडो पानं लागतात.

कारेगावच्या अलीकडं आमचं गाव. एमआयडीसी आल्यापासून घराघराच्या मागं पत्र्याच्या खोल्या आहेत आणि त्यांत ओडिशा-बिहारचे कामगार. आमच्या वाड्यात चुलत्यांच्या खोलीत ओडिशाची एक बाई नवरा आणि मुलीसह भाड्यानं राहायची. मुलगी आमच्याच झेडपी शाळेत जाते आणि माझ्यापेक्षा झणझणीत मराठी बोलते.

यंदा नळावरून भांडणं झाली आणि ग्रामसभेत ठराव आला: बाहेरच्यांनी महिन्यात खोल्या सोडायच्या. आमच्याकडं ठराव ओरडून पास होतो. कुणीतरी "मंजूर" म्हणतं, मागून सगळे "मंजूर, मंजूर", की झालं. खोल्यांच्या भाड्यावर जगणारी माणसंसुद्धा ओरडायला बसली होती, कारण प्रत्येकाला वाटत होतं की शेजाऱ्याचे भाडेकरू जातील, आपले राहतील. मला हसू आलं आणि संतापही आला.

मी उठले. म्हटलं, देशात कुठंही राहायचा हक्क घटनेनं दिलाय, तो ग्रामसभेला काढून घेता येत नाही.

"ताई, तुमची घटना पुण्याला ऱ्हाऊ द्या," सरपंच म्हणाले. "हितं गावाचं चालतं."

"मग गावाचंच चालू द्या. ओरडायचं न्हाई. हात वर करून सांगा कोण काढणार ते."

देवळाच्या पायऱ्यांपाशी भाडेकरू उभे होते. आमची बाई मुलीचा हात धरून पुढंच होती. सभेतल्या माणसांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग एकमेकांकडं. कुणी पागोटं सारखं केलं, कुणी मोबाइल काढला. हात एकच वर आला, माझ्या चुलत्यांचा.

ठराव पडला. मी मान ताठ करून घरी आले.

चुलते ओट्यावरच बसले होते. "ठराव पडला, पर खोली माझी हाय. उद्या तिला काढतो. बघू तुझा कायदा काय करतो."

काय करणार होता? करारनामा नव्हता, आणि कोर्टाचा निकाल येईपर्यंत ती बाई रस्त्यावर आली असती. एवढी वर्षं शिकून मला एक खोली वाचवता येईना, याचा मला भयंकर राग आला.

वाटणीत वडिलांच्या वाट्याला आलेली एक खोली माझ्या अभ्यासाची आहे. मी आईला हाक मारली. दोघींनी पुस्तकं पोत्यांत भरून स्वयंपाकघरात आणली, टेबल बाहेर काढलं, फरशी पुसली.

"आबा," मी ओट्यावर येऊन म्हटलं, "तुमची खोली रिकामी होईल. ती माझ्या खोलीत ऱ्हाणार."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मी प्रबंध चुलीशेजारी बसून लिहिते, आणि भिंतीपलीकडून त्या पोरीचे पाढे ऐकू येतात.