हळदीनं दाखवलेल्या जागा

अय्यूब पॉलिशवाला माझा चाळीस वर्षांचा शेजारी. मी लूमवर जॉबर होतो, माग दुरुस्त करायचो; तो फर्निचरला पॉलिश करायचा. आता मी घरी बसतो आणि तो वळ गावातल्या एका गोदामात नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक गिटारी जुन्या करतो.

मी जाऊन पाहून आलोय. बाहेरदेशी वीस-तीस वर्षं वाजवलेली दिसणारी गिटार मागतात. मग कोरी गिटार अय्यूबपुढे येते. हात टेकतो तिथला रंग तो पॉलिश पेपरनं उतरवतो, पाठीवर कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे काढतो, किल्ल्यांचा जुडगा आपटून टवके पाडतो. एका गिटारीला दीड दिवस. घासण्याआधी ती गळ्यात घालून उभा राहतो, हात कुठे पडतो ते बघतो. काम खोटं, पण मेहनत खरी.

दिघाशीचा बाळाराम आमचा दोघांचा मित्र. माझ्याच खात्यात शिफ्ट करायचा आणि लग्नसराईत बँजो पार्टीबरोबर गिटार वाजवायचा. त्याची गिटार एकोणतीस वर्षांची. अंबाडी नाक्यावर टेम्पोतून पडली, दोनदा भिजली. वायर बदलल्या, स्विच बदलला, लाकडाला काही झालं नाही. मानेमागचा, अंगठा फिरतो तिथला लॅकर आणि कोपराखालचा रंग तेवढा झिजून गेला होता. मानेचं लाकूड मागावरच्या धोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

गेल्या वर्षी बाळारामला अर्धांगाचा झटका आला. सावरला, पण डाव्या हाताची दोन बोटं जड राहिली. या मे महिन्यात त्याच्या मुलीचं, उन्नतीचं लग्न ठरलं. तिचं मागणं एकच होतं.

"हळदीला मला मांडवात आणाल तेव्हा बाबा वाजवतील. डीजे नको."

आमच्याकडे लग्नाआधी घर रंगवतात, दारं-खिडक्यासुद्धा. अय्यूबनं बाळारामचं रंगवलेलं घर पाहिलं आणि वायर तपासतो म्हणून गिटार घेऊन गेला. हळदीच्या तीन दिवस आधी परत आणली. दुकानातून आत्ताच काढल्यासारखी. सगळीकडे नवा रंग, मानेवरही लॅकर.

"अख्खं घर नवीन केलंस," तो म्हणाला, "हिनंच काय पाप केलं?"

"झ्याक झालीय रं," म्हणत बाळारामनं ती गळ्यात घातली. वाजवायला लागला आणि हात अडकला. ताजा लॅकर, त्यात मे महिन्याचा घाम. अंगठा सरकेना. परत सुरुवात केली, परत अडकला. तिसऱ्या वेळी त्यानं गिटार खाटेवर ठेवली.

"माजा हातच गेला रं."

उन्नती दारात उभी होती. "बाबा, डीजेला फोन करू?" तिनं हळूच विचारलं.

"कर."

दुसऱ्या दिवशी अय्यूबनं ड्युटी बुडवली आणि सकाळी आठला मला घेऊन दिघाशीला आला. पिशवीत चार नंबरांचे पॉलिश पेपर.

"तुझा हात गेलेला नाही," तो बाळारामला म्हणाला. "लॅकर माझा आहे. उन्नती, वाटीभर हळद आण. कोरडी."

"आरं, हळदीला दोन दीस हायत. आन् नवरी ती हाय, मी न्हाय."

"गप बस. हात पुढे कर."

त्यानं बाळारामच्या डाव्या तळव्याला, अंगठ्याला आणि उजव्या कोपराखाली हळद चोळली आणि वाजवायला लावलं. मग गिटार उलटी केली. मानेवर पिवळे डाग उमटले होते. अंगठ्याचा डाग जुन्या जागेवर नव्हता. आजारानंतर अंगठा दोन बोटं खाली बसू लागला होता. हे बाळारामलाही ठाऊक नव्हतं.

अय्यूबनं दोन्ही जागा घासल्या, जुनी आणि नवी. मी गिटार धरून बसलो. आधी चारशे नंबर, मग आठशे, हजार, दोन हजार. शेवटी कोरडं फडकं. सवयीनं त्याचा हात पाठीकडे गेला, बक्कलच्या जागी.

"तितं काय करतस?" बाळाराम म्हणाला. "मी जलमात पट्टा लावला न्हाय. नाडीची चड्डी घालून वाजवतो."

उन्नती हसली. आम्हीही हसलो.

बॉडीवर कोपराखालीही पिवळा पट्टा उमटला होता. तिथं पेपर न लावता अय्यूबनं तो नुसता पुसून टाकला. काम अडीचला संपलं. बाळारामनं वाजवून पाहिलं. हात सरकला. त्यानं उन्नतीला हाक मारली आणि डीजेला नाही म्हणून सांगायला लावलं.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी पाचला उन्नतीला मांडवात आणलं. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीचं गाणं थांबलं आणि बाळाराम वाजवू लागला. दोनदा बोटं चुकली, हात कुठेच अडकला नाही. उन्नती पाटावर बसेपर्यंत त्यानं वाजवलं. सगळे नवरीकडे बघत होते. अय्यूब अंगठ्याकडे बघत होता.

नंतर बाळाराम चहा घेऊन आमच्या खुर्च्यांपाशी आला.

"कोपराखाली का न्हाय घासलास? तितं अजून दुकानातली दिसते."

"ते तू वाजवून घास. मागच्या खेपेला किती वर्षं लागली?"

"धा-बारा."

"मग लाग कामाला."

बाळारामनं चहा अर्धा ठेवला आणि गिटार परत गळ्यात घातली.